मंडईपुरतं

खुमेंद्र हसायला लागला की भूमेश्वरीच्या छातीत धस्स व्हायचं. हे गावात कोणाला सांगायची सोय नव्हती. नवरा पितो म्हणून रडणाऱ्या बाया गल्लोगल्ली होत्या, नवरा मारतो म्हणून माहेरी जाऊन बसलेल्याही होत्या. पण नवरा हसतो म्हणून देवापुढे हात जोडणारी ती एकटीच. सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं, आणि माणसाला वेड्यात काढायची त्या गावाला हौस दांडगी.

गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं, बहुतेक पोवार शेतकऱ्यांचं. तलावाचं पाणी पाटाने येतं, त्यावर धान पिकतं, आणि लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं की माणसांना जरा हातपाय पसरायला फुरसत मिळते. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, परवा तिसऱ्या गावची, असं महिनाभर चालतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, पाळणे फिरतात, आणि भर दुपारी उघड्या मैदानात दंडार उभी राहते. ढोलकी, गाणी, नाच, राजाराणीची गोष्ट, आणि मध्येमध्ये लोकांना हसवायला गमतीचा पार्ट. बायांचे पार्टही पुरुषच करतात. राजा कोण झाला होता हे लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. गमतीचा पार्ट कोणी केला त्याचं नाव मात्र वर्षभर निघतं.

खुमेंद्र त्या पार्टाचा बादशहा. भूमेश्वरीने त्याला पहिल्यांदा पाहिला तोच मुळी असा, माहेरच्या मंडईत. धोतराचा सोगा हरवलेला नवरा झाला होता तो, आणि ती इतकी हसली की कडेवरचं भाचरू घसरून खाली आलं. पुढे त्याचंच स्थळ आलं तेव्हा तिने जमीन किती, घर कसं, काही विचारलं नाही. हसतंखेळतं घर मिळतंय, आणखी काय हवं, असं तिला वाटलं. वाटणारच. हसणारा माणूस आजारी असतो असं कुठल्या आईने लेकीला सांगितलंय?

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी, पोरगी राजकुमारी नुकती चालायला लागली होती तेव्हा, ते पहिल्यांदा घडलं. खुमेंद्रची झोप कमी झाली आणि हसू वाढलं. कोंबडं आरवायच्या आधी उठून तो घराला चुना फासायचा. बाजारात एका अनोळखी माणसाला त्याने बैलजोडी देऊन टाकली, का तर तो माणूस रडवेला दिसला. शाळेच्या छपरावर चढून त्याने भाषण केलं. गाव पोट धरून हसलं. खुमेंद्र आता रोजच मंडई करतो, असं लोक म्हणायला लागले. मग एक दिवस अंगावर चिंधी न ठेवता तो बाजाराच्या मधोमध उभा राहिला, तेव्हा कुठे गावाचं हसणं थांबलं. हातपाय दोराने बांधून, जीपमध्ये टाकून त्याला गोंदियाला नेलं. तिथून आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. अख्खा पावसाळा पडून राहिला. त्या दिवसांत भूमेश्वरी विहिरीचा दोर उशाखाली घेऊन झोपायची.

गोंदियाचा डॉक्टर हिंदी बोलणारा, पण त्याचं बोलणं तिला नीट कळलं. "देखो बाई, इसकी खुशी भी बीमारी है और इसका रोना भी. इसको बीच में रखना है. गोली एक दिन भी मत छोड़ना." घरात आणखी कोणाला असं होतं का, हेही त्याने विचारलं. सोबत आलेला टेकचंद, खुमेंद्रचा थोरला भाऊ, ताडकन नाही म्हणाला. आमचं घराणं चांगलं आहे, म्हणाला. शेजारच्या सावित्रीबाईने मात्र नंतर चुलीजवळ बसून हळूच सांगितलं, की खुमेंद्रचा आजा असाच मोठा गमत्या होता, आणि एका मंडईहून हसतहसत निघाला तो घरी कधी आलाच नाही.

तर गोळ्या सुरू झाल्या. रोज दिवेलागणीला भूमेश्वरी त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा द्यायची, आणि पोरीने ताटातलं कारलं निमूट खावं तसा तो ती गिळायचा. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तो सकाळी उठायचा, धानाच्या बांधीवर जायचा, जेवायचा, झोपायचा. हात किंचित थरथरायचे, पाणी फार लागायचं, अंगाने सुटला होता. चिडायचा नाही, रडायचा नाही, हसायचाही नाही. हेच सुख, असं भूमेश्वरी स्वतःला रोज बजावायची. रोज बजावावं लागायचं, यातच काय ते आलं.

राजकुमारीला तर बाप हसतो कसा हेच ठाऊक नव्हतं. बाबूजी म्हणजे खाली मान घालून जेवणारा माणूस, एवढीच तिची ओळख.

दोन हजार सहाच्या दिवाळीत टेकचंद दारात येऊन बसला. तो मंडईच्या कमिटीचा पुढारी. आता भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. मोठ्याने बोलणं तर दूरच. इतक्या वर्षांत भूमेश्वरीचा आवाज टेकचंदने नीट ऐकला नव्हता. जे सांगायचं ते पोरीला मध्ये ठेवून.

"राजो," टेकचंद म्हणाला, "तुह्या मायले सांग, औंदा मंडईत खुमेंद्र उभा राह्यला पाह्यजे. तीन साल झाले, आपल्या गावची मंडई मुकी जाऊन राहिली. पाहुने इचारते, तुमचा हासवनारा कोठी गेला?"

"राजो," दाराआडून भूमेश्वरी म्हणाली, "मोठ्या बाबूजीले सांग, डाक्टरनं जागरन नको सांगतलं."

"दिवसाची दंडार, जागरन कायचं? तब्येतीले का झालं त्याच्या? चांगला धडधाकट हाये. पन थंडा पडला ना! गोळ्यायनं मानसाचा दगड करून ठेवला. मंडईपुरत्या बंद ठेव म्हनाव. मंडई झाली का मंग खा म्हनाव जलमभर, कोन नाई म्हनते?"

राजकुमारी दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. भूमेश्वरीने तिला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं. तिचं उत्तर ते होतं, आणि ती त्यावर टिकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण खुमेंद्र तालमीला गेला. टेकचंदने बोलावलं आणि तो गेला. शाळेच्या आवारात तालीम चालायची. पाणी भरायला जाता-येता भूमेश्वरी कुंपणाशी थांबली. जागेश्वरने ढोलकीवर थाप दिली. जागेश्वर हा खुमेंद्रचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याची ढोलकी आणि खुमेंद्रचे पाय हे एकाच माणसाचे अवयव, असं लोक म्हणायचे. खुमेंद्र पुढे आला. पहिली ओळ म्हणाला, दुसरी विसरला. थरथरता हात पुढे करून तसाच उभा राहिला. समोर बसलेल्यांपैकी कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. पण कोणी हसलं नाही. लोक चुकचुकले.

त्या संध्याकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. गोळी तिच्या हातात होती.

"भूमे," तो म्हणाला, "मी आतमंदी हावो. मरून नाई गेलो. पन बाहेर येताच येत नाई. लोक माह्याकडं पाहून चुकचुक करते, मढ्याकडं पाहून करते तसे. एक डाव मले बाहेर येऊ दे. मंडईपुरतं."

तीन वर्षांत तो एका वेळी इतकं बोलला नव्हता. भूमेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं. माहेरच्या मंडईतला तो सोगा हरवलेला नवरा तिला आठवला, आणि तिला रडू आलं. तिलाही तो हवा होता. गावाला हवा होता त्याच्या शंभरपट तिला हवा होता, आणि हे तिने आजवर कोणापुढे काय, स्वतःपुढेही कबूल केलं नव्हतं. धान कापायला येतं तेव्हा बांधीची पार, म्हणजे शेताचा बांध, फोडून पाणी काढून देतात, काम झालं की पुन्हा बुजवतात. तसंच हे, असं तिने मनाशी ठरवलं. तिने गोळी परत डबीत टाकली, डबी फळीवर ठेवली, आणि भाकरी थापायला बसली. 

मंडई तोंडावर आली तसा खुमेंद्र गुणगुणायला लागला. हातांचं थरथरणं कमी झालं. एका सकाळी त्याने कोंबड्यांना पंगतीला बसवून टेकचंदच्या आवाजात भाषण दिलं आणि भूमेश्वरी हसून हसून चुलीपुढे बसकण मारून राहिली. राजकुमारी आधी घाबरली, मग बापाच्या गळ्यात पडली, मग तीही हसायला लागली. तिघं तिघं हसत होती. त्या दिवसांचा भूमेश्वरीला पुढे किती प्रयत्न करूनही पस्तावा वाटला नाही. त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मंडईच्या दिवशी मैदानात मुंगीला वाट नव्हती. खुमेंद्र मखमलीचा जाड कोट घालून, पायात घुंगरू बांधून आला, आणि ठरलेला पार्ट त्याने बाजूलाच ठेवला. त्याने उभ्या उभ्या नवाच खेळ रचला. सुखराम नावाचा मिशा काढलेला गडी त्याची बायको झाला होता. खुमेंद्र म्हणाला, "बायको, आज मी लय खुश हावो!" आणि सुखरामच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी सुखरामने लुगड्याचा काचा मारून त्याच्यामागे धाव घेतली: "हासता? थांबा! गोळी खा! गोळी खा आंधी!" नवरा पुढे, बायको मागे. तो लोकांत शिरायचा, म्हाताऱ्याच्या घोंगडीखाली लपायचा, जिलबीच्या दुकानात जाऊन बसायचा. बायको डोक्यावरचा पदर टाकून, केस मोकळे सोडून किंचाळायची, "आवो, तुमी बिमार हा!" आणि तो लोकांना विचारायचा, "मी बिमार दिसतो का गा?" हजार माणसं ओरडायची, "नाई!" लोक हसून हसून लोळले. टेकचंदने डोळे पुसले. भूमेश्वरी बायांच्या घोळक्यात बसली होती. बाया तिला कोपरांनी ढोसत होत्या. तिनेही पदराचा बोळा तोंडात कोंबून हसून घेतलं, कारण खेळ खरंच गमतीचा होता, आणि कारण तिने न हसणं बरं दिसलं नसतं.

दिवेलागणीला तिने फळीवरची डबी काढली आणि त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. खुमेंद्रने गोळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खदखदून हसला.

"आता कोन बिमार हाये, भूमे?"

गोळी त्याने अंगणात कोंबड्यांपुढे फेकली. भूमेश्वरीला त्या क्षणी आपण काय करून बसलो ते लख्ख कळलं. बांधीची पार माणूस बाहेरून बुजवतो. इथे बुजवणारा पाण्यासोबतच वाहून गेला होता. ज्याला बरं वाटतंय तो औषध कशाला घेईल? गरज सरो, वैद्य मरो.

मंडई संपली असती तर कदाचित सांभाळताही आलं असतं. पण मंडया कुठे संपतात? दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची होती, तिसऱ्या दिवशी पाटाच्या पलीकडची. गोळीच्या खेळाची कीर्ती त्याच्या आधी पोचायची. जो तो जीप पाठवायचा. प्रत्येक गावात तो आधीच्या गावापेक्षा जास्त धावायचा, जास्त बोलायचा, आणि प्रत्येक गाव आधीच्या गावापेक्षा जास्त हसायचं. घरी आला तरी झोपायचा नाही. भूमेश्वरीने गोळी कुटून वरणात घातली. त्याने एक घास घेतला, थुंकला, आणि घरात जेवणंच सोडलं. त्याला काय, दहा गावं जेवू घालायला तयार होती. एका गावी त्याने अंगावरचं धोतर फेडून लोकांत भिरकावलं, आणि लोकांनी तेही झेललं.

तिने राजकुमारीला मध्ये घालून टेकचंदला सांगून पाहिलं. "राजो, मोठ्या बाबूजीले सांग, त्याईले गोंदियाले न्या लागते. आताच्या आता."

टेकचंद चिडला. "राजो, तुह्या मायले इचार, नवरा रडत होता तई रडे, आता हासून राहिला तरी काऊन रडते? पाच गावचे लोक त्याच्या नावानं आपल्या गावाले ओळखून राहिले. तिले पाहवत नाई का?"

यावर पोरगी काय विचारणार? ती दोघांच्या मध्ये उभी राहून रडायला लागली.

जागेश्वरही आधी तसंच म्हणाला होता. पण चार-पाच मंडया झाल्यावर एका दुपारी तो आपणहून आला आणि ओसरीच्या कडेला टेकला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना फडकी बांधलेली होती.

"वहिनी वो," तो म्हणाला, "आंधी तो माह्या ढोलकीवर चाले. आता मीच त्याच्या मांगं धावून राहिलो. त्याले तालच नाई राहिला. लोकाईले समजत नाई, पन मले समजते. आपला मानूस नाई तो, दुसराच कोनी हाये."

भूमेश्वरीला वाटलं, बुडत्याला काडी मिळाली. दोघांनी मिळून बेत ठरवला. तलावाच्या काठच्या गावची मंडई आता आली होती. दंडारीची मंडळी जीपने जाणार होती. खेळ झाला की जागेश्वर आणि जीपवाला खुमेंद्रला मध्ये बसवतील आणि गाडी घराकडे न नेता सरळ गोंदियाला काढतील. भूमेश्वरी मंडई पाहायला म्हणून सोबत येईल. एवढी एक मंडई पार पडली की झालं. तिने राजकुमारीला सावित्रीबाईकडे ठेवलं, त्याचे दोन कपडे पिशवीत भरले, गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि निघाली.

मैदान तलावाच्या पाळीला, त्या मातीच्या बांधाला, लागूनच होतं. पाळीपलीकडे चोरखमाऱ्याचं पाणी दुपारच्या उन्हात तुडुंब भरलेलं. खेळ सुरू झाला. टेकचंद पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या मानाने बसला होता. खुमेंद्रचे डोळे खोल गेले होते, गालफडं वर आली होती, आणि आवाज घोगरा झाला होता, तरी लोक त्याने तोंड उघडायच्या आधीच हसत होते. सुखराम लुगडं सावरत मागे धावला. "गोळी खा! गोळी खा आंधी!" खुमेंद्र लोकांत शिरला. दुकानांतून गेला. आणि नेहमीसारखा फिरून परत यायच्या ऐवजी पाळ चढून वर गेला.

"तुमी मले बिमार म्हनता?" वरून तो ओरडला. "आता पान्यावरून चालून दाखवतो! पलीकडच्या गावची मंडई बाकी हाये माही!"

मैदान उठलं आणि हसत हसत पाळीवर चढलं. आज खुमेंद्रने नवीन काढलं, असं लोक एकमेकांना सांगत होते. जागेश्वर गळ्यातली ढोलकी वाजवत सोबत पळाला, कारण ढोलकी थांबली तर तो बिथरेल अशी त्याला भीती होती. खुमेंद्र पाण्यात उतरला. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतका. तो लहानपणापासून पट्टीचा पोहणारा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अंगात तो मखमलीचा कोट होता, पायांत घुंगरं होती, आणि कित्येक दिवस त्याच्या पोटात धड अन्न नव्हतं. हे फक्त भूमेश्वरीला ठाऊक होतं.

तिने रीत सोडली. डोक्यावरचा पदर कधी पडला ते तिला कळलं नाही. केस सुटले. टेकचंदच्या समोरून, त्याला जवळपास ढकलून, ती पाळीवरून खाली धावली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गळा फाडून ओरडली.

"आवो, परत या! तुमी बिमार हा! धरा त्याले कोनी! खरंच बिमार हाये तो, धरा!"

आणि पाळीवर हशाचा जो कल्लोळ उठला, तसा त्या अख्ख्या मोसमात उठला नव्हता. आता तुम्हीच सांगा, लोकांना कळणार तरी कसं? पोवाराच्या घरची सून भासऱ्यासमोर बोडक्या डोक्याने, केस सोडून, नवऱ्याच्या नावाने किंचाळते, असं खऱ्या आयुष्यात कोणी पाहिलं होतं? ते फक्त दंडारीतच होतं. मागे सुखराम उभा, पुढे ही. एका नवऱ्याला दोन बायका! कोणीतरी सुरू केलं आणि हजार तोंडांनी उचललं, "गोळी खा! गोळी खा!" टाळ्यांवर टाळ्या. भूमेश्वरीने पदराची गाठ दातांनी सोडली, गोळी हातात धरून वर केली, आणि लोक आणखी हसले.

खुमेंद्रने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. छातीइतक्या पाण्यातून त्याने लोकांना विचारलं, "मी बिमार दिसतो का गा?"

"नाई!" अख्खी पाळ ओरडली.

तो खुशीत हसला आणि पुढे गेला.

भूमेश्वरी कमरेइतक्या पाण्यात शिरली होती. दोन बायांनी हसत हसत तिला दंडांना धरून मागे ओढलं. "बस झालं व माय, लुगडं भिजून गेलं," एक म्हणाली. तिने त्यांना बोचकारलं, चावली, तरी त्या सोडेनात. पाण्यावर एक हात दिसला. तो हालला. लोकांनीही हात हलवले.

सगळ्यांत आधी थांबली ती ढोलकी. जागेश्वरने ती गळ्यातून काढून फेकली आणि उडी मारली. त्याला बुडी मारताना पाहिलं, पुन्हा बुडी मारताना पाहिलं, तसं हसणं एकेका तोंडातून गळत गेलं. मागच्या रांगांत मात्र बराच वेळ टाळ्या चालू होत्या. गावातल्या ढिवरांनी जाळी टाकून त्याला बाहेर काढलं तेव्हा ऊन कललं होतं. पायांना पाण्यातले वेल गुंडाळलेले होते. घुंगरं तशीच होती. भूमेश्वरीची मूठ सोडवली तेव्हा आत गोळीचा पांढरा चिखल झालेला होता.

त्यानंतर जे माणसं बोलतात ते बोलली. हासत गेला, असं मरन कोनाले येते, असं सावित्रीबाई म्हणाली. टेकचंद तेराव्याला पाहुण्यांना सांगत होता, "गोळ्यायनंच खाल्लं त्याले. तीन साल जहर गेलं पोटात, डोकं सडून गेलं." सगळे माना डोलवत होते. भूमेश्वरी दाराआड पदर घेऊन बसली होती. त्या संध्याकाळी गोळी मी दिली नाही, माझ्या हाताने मी ती डबीत परत टाकली, हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण ओरडल्यावर लोक काय करतात ते तिने पाहिलं होतं. आणि भासऱ्याशी बोलायचं तर मध्ये पोरगी लागत होती. हे पोरीच्या तोंडून कसं पाठवणार? ते तिच्यापाशीच राहिलं.

पुढच्या साली मंडई ठरल्या दिवशी भरली. कमिटीने गोळीचा खेळ खुमेंद्रच्या आठवणीत ठेवायचा असं ठरवलं. लोकांना आवडतो, शिवाय त्याचं नाव राहील, असा टेकचंदचा निरोप आला. सुखराम पुन्हा बायको झाला. नवरा म्हणून गावातला कोणी नवा गडी उभा राहिला.

भूमेश्वरी गेली नाही. ओसरीत बसून ती सुपात तांदूळ निवडत होती. राजकुमारी शेजारी बसून खडे वेचत होती. वारा मैदानाकडून होता. आधी ढोलकी ऐकू आली. वाजवणारा दुसरा होता, जागेश्वरने त्या दिवसानंतर ढोलकीला हात लावला नव्हता. मग सुखरामचा चिरका आवाज आला, "गोळी खा! गोळी खा आंधी!" आणि मागोमाग हशाची लाट.

राजकुमारी हसली. तिला हसू फुटलंच. पोर होती ती, बापाला तसं करताना तिने पाहिलं होतं, बापाच्या गळ्यात पडून हसली होती. अगदी त्याचंच हसणं होतं ते, गालातून सुरू होऊन खांद्यांत जाणारं. भूमेश्वरीचे हात सुपात थांबले. राजकुमारीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घाबरून स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड गच्च दाबलं. डोळे मात्र अजून हसत होते.

हास ग पोरी, हास, असं भूमेश्वरीच्या ओठांवर आलं. लेकराचं हसणं कोणती आई अडवते? तिने हात पुढे केला. तो तिने पोरीच्या कपाळावर ठेवला, ताप पाहावा तसा. तोंडावरचा हात तिने काढला नाही.